आधी बाप काट्यावर

मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या घरात प्रगती म्हणावी अशी एकच गोष्ट चालू होती, ती म्हणजे माझं वजन. वडिलांची बढती अडलेली, आईचं बी.एड. अर्धवट राहिलेलं. मी मात्र कोणाच्याही शिफारशीविना दरवर्षी न चुकता वाढत होतो. नातेवाइकांना याचं फार कौतुक होतं. लग्नकार्यात मावश्या माझे गाल ओढून म्हणत, "खात्यापित्या घरचं पोट्टं दिसते बाप्पा!" आणि ते तसंच दिसत राहावं म्हणून ताटात आणखी एक बालुशाही टाकत.

कळंबला आम्ही भाड्यानं राहायचो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालक. सगळं गाव त्यांना पीटी सर म्हणायचं. उदबत्तीला हाफपँट घातली तर जशी दिसेल तसे ते दिसत. पांढरी हाफपँट, नीळ जास्त झाल्यानं आकाशी पडलेली. पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिटी. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल दिली, नारळ दिला, भाषणं दिली आणि शिटी परत मागायची विसरली. पुढं अख्ख्या गावाला ते महागात पडलं.

सरांनी लग्न केलं नव्हतं. का, याचं कारण गावात कोणी विचारत नसे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की ते आपोआप कळे. चहात ते इतकी साखर घालत की चमचा उभा राहावा, आणि तो चहा पीत पीतच दुसऱ्यांना साखरेचे तोटे समजावत. कोणी बोट दाखवलं तर शांतपणे म्हणत, "माह्यं पाहून कोण बिघडते? मी कोणाचा बाप हाओ का?"

त्यांच्या व्हरांड्यात एक काटा होता. जिनिंगमधून भंगारात निघालेला, कापूस तोलायचा, खाली लोखंडी चौथरा असलेला. निवृत्त मास्तर तुळस लावतात, पोपट पाळतात. सरांनी काटा ठेवला होता.

माझी मान काळी पडली होती. आईला वाटे मळ आहे. दर रविवारी ती नारळाचा काथ्या घेऊन बसे आणि पितळेचं भांडं घासावं तशी माझी मान घासे. मान लाल व्हायची, मी रडायचो, आणि सोमवारी मान पुन्हा काळी. शेवटी ताप आला म्हणून यवतमाळला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी ताप सोडून मानच पाहिली. रक्त तपासलं. मग आईला म्हणाले, "हा मळ नाही, बाई. घासू नका. शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलंय, त्याची ही खूण आहे. याच वेगानं वजन वाढलं तर ऐन कॉलेजात मधुमेहाच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गंभीर झाले. इतके गंभीर, की बसस्टँडवर आल्या आल्या त्यांना काहीतरी खावं लागलं. त्यांनी दोन कचोऱ्या घेतल्या, एक स्वतःला, एक आईला. मला म्हणाले, "बेटा, आजपासून तुह्यं कचोरी खाणं बंद." आणि माझ्या आरोग्याच्या काळजीनं दोघांनी त्या कचोऱ्या माझ्यासमोर संपवल्या. वर हिरवी मिरचीही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला हाताला धरून खाली नेलं. सर व्हरांड्यात बुटांना पांढरं लावत बसले होते.

"सर, या पोट्ट्याले जरा बारीक करून द्या. ग्राउंडवर न्या, पळवा, मारा, मी काई म्हणत नाही."

सरांनी मान वर केली. "पँट हाये का हे, आल्टर करून द्यायले?"

"नाही, म्हणजे डॉक्टरनं सांगतलं..."

"चला, काट्यावर."

मी चप्पल काढून पुढं सरकलो. वजन करून घ्यायची मला सवय होती. शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी माझं वजन पुकारलं की वर्गात टाळ्या पडत.

"तू नाही, राजे," सर म्हणाले. "तू बस पायरीवर. आधी बाप काट्यावर."

"मी?" वडील म्हणाले.

"तुमीच."

वडिलांनी आधी बूट काढले. मग पट्टा काढला. मग खिशातलं पेन, किल्ल्या आणि शेवटी चष्मा. सरकारी कचेरीतला माणूस, सवलत मिळेल तिथवर मागत राहतो. सरांनी वजनं सरकवली, दांडी स्थिर होईपर्यंत डोळा बारीक करून पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाले. मग वरती हाक मारली, "वहिनी, खाली या!"

आई पदराला हात पुसत आली. "माह्यं काय काम?"

"सैपाक कोण करते?"

"मी."

"मंग तुमचंच तर काम हाये."

त्या काट्यावर आई उभी राहिली, वडील उभे राहिले, नंतर गावातले बरेच आईबाप उभे राहिले. मी कधीच नाही. सरांनी एकदाही माझं वजन केलं नाही. मला 'जाड्या' म्हणायची घरात त्याच दिवसापासून बंदी झाली, लाडानंसुद्धा. "हे वाढत्या अंगाचं पोट्टं हाये," ते म्हणाले. "याले घटवाचं नाही. नुसतं थांबवाचं. उंची आपली येऊन गाठते. घटवाचं असन तर तुमी घटा."

वडिलांना हे अजिबात पटलं नाही. ते म्हणाले, "सर, तुमी तर शाळेत जाड पोट्ट्याईले ग्राउंडले चकरा मारायले लावत होते. माह्या साहेबाचं पोट्टं तुमच्याच हाताखाली होतं."

"हाव. लावत होतो," सर म्हणाले. "सारी नोकरी तेच केलं. रडत रडत पळे बिचारे. घरी जाऊन त्याच ताटावर बसे. एकही बारीक नाही झालं. रिटायर झाल्यावर मले समजलं, मी चुकीच्या माणसाले पळवून राह्यलतो."

आणि मग त्यांनी बरोबर माणसाला पळवायला घेतलं.

रोज संध्याकाळी आम्ही तिघं जोडमोह्याच्या रस्त्यानं चालायला निघू लागलो. मागून सायकलवर सर, शिटी वाजवत, गाईम्हशी हाकाव्या तसे. वडिलांना त्याची भयंकर लाज. पायी चालणं म्हणजे गाडी नसणं, असा त्यांचा हिशेब. रस्त्यात ओळखीचा प्रत्येक माणूस थांबून विचारी, "काय बाबू, गाडी बिघडली काय?" वडील प्रत्येकाला "हाव, कार्बोरेटर" म्हणत. आमचं कार्बोरेटर तो अख्खा हिवाळा बिघडलेलंच होतं. आईला मात्र चालणं आवडायला लागलं. घरात टीव्ही चालू असे, त्यामुळे आईवडील एकमेकांशी बोलतात ही गोष्ट मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळली.

सरांचं नाक खालच्या मजल्यावर होतं, पण कामाला आमच्या स्वयंपाकघरात असायचं. कढईत तेल तापलं की अंगणातून हाक येई, "वहिनी, आलूबोंडे काहून तळून राह्यले? कोण पास झालं?" आई बिचारी गॅस बंद करी. पाहुणे बसलेले असले तर पाहुण्यांसकट आम्ही मुरमुरे खात असू. पास झालो तर बक्षीस म्हणून मिठाई नको आणि नापास झालो तर शिक्षा म्हणून उपास नको, असा त्यांचा आणखी एक दंडक. त्यामुळे माझ्या निकालातला घरच्यांचा सगळा रसच गेला. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या खिरीवरून मोठी वाटाघाट झाली. सर म्हणाले, "खीर विहारात बसून पोटभर खा. पण डबा घरी आणू नोका. सण हाये तो, साठा नोहे."

आमचं ऐकून गावातले आणखी काही आईबाप आपापली मुलं घेऊन आले. येताना उत्साह दांडगा असे. एक बाई म्हणाल्या, "मले तं थायरॉइड हाये." सर म्हणाले, "मी कुठं आरोप केला? उभ्या राहा." त्या पुन्हा दिसल्या नाहीत. एक कापसाचे व्यापारी मुलाला सोडून परत निघाले, तर सरांनी फाटक लावून घेतलं. ते म्हणाले, "मले टाइम नाही." सर म्हणाले, "पोट्ट्याले बनवाले होता, आता नाही?" व्यापाऱ्यांनी मुलाला यवतमाळच्या एका जिममध्ये घातलं. तिथं बापाला कोणी काही विचारत नसे, फी तेवढी विचारत. असे एकेक करत सगळे गळाले. आम्ही टिकलो. आमच्याकडे निर्धार होता म्हणून नव्हे, घर बदलायचं तर लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवावं लागलं असतं म्हणून.

एका लग्नात सरांनी जिलेबीच्या टेबलाजवळ उभं राहून शिटी वाजवली. तिसऱ्यांदा वाढून घेणारे गृहस्थ वरपक्षाकडचे निघाले. मोठं भांडण झालं. तेव्हापासून गावात सरांना पत्रिका येई, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

असं सगळं चाललेलं असताना एका शनिवारी वडील मला म्हणाले, "चाल बेटा, तुह्या कंपासपेटीचं पाहून येऊ." कंपासपेटीचं दुकान मागं टाकून आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. वडिलांनी कोपऱ्यातला टेबल निवडला, भिंतीकडं तोंड केलं आणि दोन प्लेट कचोरी सांगितली. वरून तर्री. मी पहिला घास घेतला आणि दारात शिटी वाजली.

हॉटेलातले सगळे हात जागच्या जागी थांबले. कढईपुढचा माणूस झाऱ्यासकट वळला.

"राजे, तू खा निवांत," सर दारातून म्हणाले. "तुही काई चूक नाही. बाबूसाहेब, तुमी बाहेर या."

वडील उठले. चेहरा लालबुंद. एरवी साहेबापुढं मान खाली घालून उभा राहणारा माझा बाप त्या दिवशी भर रस्त्यात ओरडला.

"बस झालं सर! तुमाले काय माहीत भूक काय असते? माही माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. तिनं आणलं तं आमी खाओ, नाही आणलं तं तसेच झोपो. सणाच्या दिवशी मी मुद्दाम बड्या लोकाईच्या दारापुढं खेळाले जाओ. कोणी हाक मारीन म्हणून. दिवसभर खेळो. नाही मारे कोणी!" त्यांचा आवाज फाटला. "आज माह्यं पोट्टं दुसऱ्यांदा मागते, आन् घरात असते. असते! तवा मले वाटते का मी काहीतरी केलं जिंदगीत. तेबी तुमी मोजाले निंगाले!"

मी आतून पाहत होतो. हातातली कचोरी मला ना खाववत होती ना ठेववत होती.

सरांनी गळ्यातली शिटी काढून खिशात घातली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उपाशी तुमी होते, बाबूसाहेब. हे पोट्टं नाही. याच्या ताटात वाढून तुमची तवाची भूक जाईन काय?"

आणि सायकल हातात धरून, न बसता, चालत निघून गेले.

पुढचे काही दिवस अंगणातून हाक आली नाही. वडिलांनी विजय साजरा करायला आईला आलूबोंडे करायला लावले. आम्ही तिघांनी ते टीव्हीपुढं बसून खाल्ले. कोणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत. चांगले झाले होते, तरीही.

रविवारी सकाळी सर जिना चढून वर आले. आत येऊन सतरंजीवर बसले. वडिलांनी पेपर वर धरला. सर पेपराशीच बोलावं तसं बोलले, "तुमची माय काय करे? असे तवा?"

पेपरामागून आवाज आला, "भाकर. ज्वारीची. अंबाडीची भाजी. कधी कण्या."

"चांगलं लागे?"

"लय." पेपर खाली आला. "अंबाडी तं अशी करे का..." वडील थांबले.

"मंग ते काहून नाही शिजत या घरात?"

वडिलांनी पेपराची घडी घातली. आतून आई म्हणाली, "याईनंच बंद केली भाकर. नोकरी लागली त्या दिवशीपासून. म्हणे, आता माह्या घरात पोळीच होईन."

मला हे माहीत नव्हतं. भाकर आपल्याला आवडत नाही, एवढंच मला माहीत होतं. मी ती कधी खाल्ली नव्हती.

त्या दिवशी वडील स्वतः बाजारात गेले, ज्वारीचं पीठ आणि अंबाडीची जुडी घेऊन आले आणि स्वयंपाकघरात शिरले. आई बाजूला उभी राहून पाहत होती. एखादा परका माणूस घरात घुसावा आणि त्याला हाकलायचं की खुर्ची द्यायची ते कळू नये, तसा तिचा चेहरा झाला होता. वडिलांची पहिली भाकर परातीतच तुटली. दुसरी तव्यावर. तिसरी आमच्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली, पण भाकर म्हणून ओळखू येत होती. अंबाडी मात्र त्यांनी आईला हात लावू न देता केली, आणि लसूण तडतडला तेव्हा कोणाशीही न बोलता नाक ओढत राहिले. मिरचीचा ठसका लागला म्हणाले. मिरची अजून घातलेली नव्हती.

ताटं मांडली. तीन.

"चौथं कुठं राह्यलं?" सरांनी विचारलं.

"मी बसीन ना मागून," आई म्हणाली. "तुमी जेवा."

"मागून म्हणजे? उरलेलं?"

आई हसली. तिला वाटलं, सर गंमत करताहेत. आमच्या पातेल्यात उरलेलं, माझ्या ताटात उरलेलं, सकाळचं उरलेलं, फेकवत नाही म्हणून ओट्याशी उभ्यानं खायचं, हेच तिचं जेवण होतं. ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"बसा वहिनी. काय लागन ते बाबूसाहेब उठून आणतीन."

आई बसली. दर घासाला तिचे गुडघे उठायला निघायचे आणि दर वेळी वडील म्हणायचे, "बस ना तू." भाकर कडक होती. सरांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "बाबूसाहेब, फाइली बऱ्या करत असान तुमी." मग खाली जाऊन स्वतःसाठी तो भयंकर गोड चहा केला. वास वरपर्यंत आला.

पुढं मी बारीक झालो का? नाही. ही काही जाहिरात नाही, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो दाखवायला. मी वर्षभर होतो तेवढाच राहिलो आणि मग उंच व्हायला लागलो. मान कधी उजळली ते कोणी पाहिलं नाही, कारण रविवारचा काथ्या बंद झाला होता. वडिलांचं पोट मात्र खरंच गेलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, आणि ते काम ते घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवत. आईचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे थांबले. यवतमाळच्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहून समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "पाहा, आमच्या टॉनिकनं फरक पडला." ते टॉनिक आम्ही आणलंच नव्हतं. वडिलांनी घशापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "घेऊ द्या ना त्याईले नाव. आपल्याले काय, पोट्टं पाह्यजे का पदक?" हे वाक्य उदात्त होतं, म्हणून मी लिहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ध्या गावाला डॉक्टरांचं अज्ञान हातवारे करून सांगितलं, तेही लिहायला हवं.

सातवीत असताना वडिलांना बढती मिळाली आणि बदली पुसदला झाली. शेवटी लोखंडी कपाट उतरवावंच लागलं. निघताना आई सरांच्या पाया पडली. सर चिडले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. वडिलांना मात्र ट्रकमध्ये चढेपर्यंत सूचना चालू होत्या.

मागच्या उन्हाळ्यात कामानं नागपूरहून यवतमाळला जाताना मी मुद्दाम कळंबला उतरलो. सर खूप थकले आहेत. दृष्टी जवळजवळ गेली आहे. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितलं, त्यांना ओळख लागली नाही. वडिलांचं नाव सांगितलं, त्यांची कचेरी सांगितली, वरचा मजला सांगितला. तेव्हा चेहरा हलला.

मला वाटलं, आता विचारतील. काय शिकलास, काय करतोस, वजन किती. माणसं हेच विचारतात. मी तयारच होतो. सांगण्यासारखं बरंच होतं.

"बाप चालते काय अजून?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज सकाळी. पाऊस असला तरी."

"आन् माय? संगं जेवते?"

"जेवते. आता तर आधी तीच बसते आणि आम्हाला हाका मारते."

सरांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. मग हात हलवून म्हणाले, "मंग तुले काय विचाराचं. तू बराच असशीन."

आणि डोळे मिटून घेतले.